आजच घरी सोडतील का?

श्रोतेहो, नमस्कार. मी सर्जिकल वॉर्डात परिचारिका आहे. पित्ताशय काढलेल्या पेशंटचे नातेवाईक दुपारीच विचारायला येतात, "सिस्टर, दुर्बिणीतून झालंय ना, मग आजच घरी सोडतील का?"

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० साली हे ऑपरेशन दुर्बिणीतून केलं. त्याआधी बरगडीखाली वीतभर छेद घ्यावा लागायचा. आता अर्ध्या-एक सेंटिमीटरच्या तीन-चार छिद्रांतून काम होतं. त्यामुळे सकाळी ऑपरेशन झालेला, एरवी धडधाकट माणूस संध्याकाळी घरी जाऊ शकतो. पाणी पचलं, लघवी झाली, गोळीने दुखणं आटोक्यात आलं, चालता आलं, की डॉक्टर विचार करतात. पित्ताशयाला सूज असेल, हृदयाचा त्रास असेल, साखर ताब्यात नसेल तर मुक्काम ठरलेलाच.

मी मात्र आधी घरचं विचारते. रात्री सोबत कोण? दवाखाना किती लांब?

एक ताई रात्री साडेनऊला उजवा खांदा धरून उठून बसल्या. "ऑपरेशन पोटाचं, मग खांदा का ठणकतोय? हार्ट तर नाही ना?" नाडी, बीपी पाहिलं, डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक होतं. ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, चेतवलं जातं आणि कळ खांद्यात उठते; एक-दोन दिवसांत जाते. पाठीशी उशी दिली, हात धरून थोडं चालवलं, मग त्यांना झोप लागली. घरी सोबतीला फक्त शाळकरी मुलगी होती. त्या रात्री दोघींचे काय हाल झाले असते, हा विचार अजून मनात येतो.

"चोवीस तास काढले नाहीत तर विम्याचा क्लेम बुडेल," या भीतीनेही काही जण थांबतात. अनेक पॉलिसींत डे-केअरची, म्हणजे त्याच दिवशी घरी गेलं तरी खर्च मिळण्याची, सोय असते. भरती होण्याआधीच विचारून घ्या.

आणि हे दोघांसाठीही, संध्याकाळी गेलेल्यांसाठी आणि एक रात्र राहिलेल्यांसाठी. पित्त आत झिरपत असेल तर बहुतेक वेळा ते दोन-चार दिवसांनी कळतं, म्हणजे तेव्हा तुम्ही घरीच असता. पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढली, ताप आला, उलट्या थांबेनात, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. डिस्चार्जच्या कागदावर वॉर्डाचा नंबर असतो. नसेल तर मागून घ्या आणि रात्री-अपरात्री खुशाल फोन करा.