निगेटिव्ह रिपोर्ट आणि लहान मुलाचा टीबी

(दृश्य: वजनकाट्यावर बसलेलं वर्षभराचं मूल, शेजारी वाढीचा तक्ता.)

तक्त्यावरची ही रेघ बघा. आठव्या महिन्यापर्यंत चढती, नंतरचे चार महिने आडवी. मूल दूध पितं, थोडंफार खातं, पण वजन जागचं हलत नाही. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेलाय. ताप येतो-जातो. आधीसारखं खेळत नाही. यातलं एकेक लक्षण शंभर कारणांनी दिसतं. सगळी एकत्र आली आणि टिकून राहिली, की टीबीचा विचार झालाच पाहिजे.

मोठ्या माणसाकडून आधी बेडका मागवतात. पाच-सहा वर्षांखालचं मूल बेडका काढून देऊ शकत नाही. छातीतून वर आलेला कफ ते गिळून टाकतं. शिवाय त्या कफात जंतू फार थोडे असतात. मोठ्यांच्या फुप्फुसात पोकळ्या पडतात आणि तिथे जंतू बेसुमार वाढतात. लहान मुलात रोग बऱ्याचदा छातीतल्या लसिका ग्रंथींमध्ये, म्हणजे जंतू अडवणाऱ्या छोट्या गाठींमध्ये, कोंडलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण 5 ते 10 हजार लागतात. एक्सपर्ट अल्ट्रा ही जनुकीय चाचणी 20च्या आतही पकडते. कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघणं, संवेदनशील असतं, पण उत्तराला काही आठवडे लागतात. एवढं असूनही टीबी असलेल्या कितीतरी मुलांचा प्रत्येक रिपोर्ट निगेटिव्ह येतो. निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ एवढाच, की या नमुन्यात जंतू सापडला नाही.

म्हणून नमुना नीट घेणं फार महत्त्वाचं.

(दृश्य: वॉर्ड, पहाट. मूल अजून झोपेत. ट्रेमध्ये नळी, सिरिंज, लिटमस कागद, बाटली.)

रात्रभर गिळलेला कफ पहाटे जठरात साठलेला असतो. तोच नळीने ओढून घेतात. मूल उठून बसलं, पाणी प्यायलं किंवा अंगावर पाजलं, की तो पुढे सरकतो आणि सकाळ वाया जाते. किमान चार तास पोट रिकामं हवं, आणि हे आदल्या रात्रीच आईला समजावून सांगायला हवं. नाकापासून जठरापर्यंतचं अंतर आधी नळीवर मोजून खूण करतात. नळी नाकातून हळूच आत जाते. खोकल्याची उबळ आली, आवाज बसला किंवा ओठ निळे पडू लागले, तर नळी श्वासनलिकेत गेली आहे. लगेच बाहेर काढायची. आलेल्या द्रवाच्या थेंबाने निळा लिटमस लाल झाला, की नळी जठरात आहे. 5 ते 10 मिलिलिटर द्रव पुरतो. काहीच आलं नाही, तर 5 ते 10 मिलिलिटर निर्जंतुक सलाइन आत सोडून पुन्हा ओढायचं.

आता बाटलीकडे लक्ष द्या. जठरातलं आम्ल क्षयाच्या जंतूंनाही मारतं. म्हणून द्रवाइतकंच सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण तिथल्या तिथे मिसळतात आणि नमुना चार तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवतात. हे राहून गेलं, तर कल्चरमध्ये काही उगवत नाही, आणि दोष कुठे राहिला हे रिपोर्ट सांगत नाही. प्लेटलेट कमी असलेल्या किंवा रक्तस्राव होणाऱ्या मुलात ही नळी घालत नाहीत.

गिळलेला कफ शेवटी शौचातूनही बाहेर पडतो. तिथे जंतू जिवंत नसला तरी त्याचा डीएनए सापडतो. नळी नाही, उपाशी ठेवणं नाही, रडारड नाही. सोप्या पद्धतीत सुमारे 0.8 ग्रॅम शौच एक्सपर्टच्या 8 मिलिलिटर द्रावणात घालतात, जोरात हलवतात, 10 मिनिटं ठेवतात, पुन्हा हलवून आणखी 10 मिनिटं. वरचं निवळलेलं 2 मिलिलिटर कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात बसवायच्या चाचणीच्या डबीत, जातं. इथे सढळ हात चालत नाही. शौच जास्त झालं तर गाळ कार्ट्रिजमध्ये अडकतो आणि यंत्र उत्तराऐवजी एरर दाखवतं. अल्ट्राच्या रिपोर्टवर ‘ट्रेस’, म्हणजे जंतूचा अगदी पुसट माग, आलं, तर लहान मुलात ते पॉझिटिव्हच धरतात.

(दृश्य: हातावरचा फुगवटा, पारदर्शक पट्टीने मोजमाप.)

मांटू या त्वचेच्या चाचणीत क्षयाच्या जंतूंपासून काढलेलं ट्युबरक्युलिन 0.1 मिलिलिटर त्वचेच्या आतच द्यायचं. टोचताच फिकट फुगवटा उठला नाही, तर सुई खोल गेली. 48 ते 72 तासांनी लाली मोजायची नाही, बोटाला लागणारा कडकपणा आडवा मोजायचा. 10 मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. एचआयव्ही किंवा तीव्र कुपोषणात 5 मिलिमीटरही पुरेत. यातून संसर्ग कळतो, आजार नाही. उलट अगदी अशक्त मुलात, ज्याला टीबी असण्याची भीती जास्त, तिथेच ही चाचणी कोरी येते.

एक्स-रे समोरून आणि बाजूने, दोन्ही हवेत; फुप्फुसाच्या मुळाशी सुजलेल्या गाठी बाजूच्या फिल्ममध्ये जास्त स्पष्ट दिसतात. मूल वळलं असेल किंवा श्वास सोडताना फिल्म घेतली असेल, तर निरोगी छातीतही गाठी भासतात. तान्ह्या बाळाच्या छातीत थायमस ही ग्रंथी मोठी असते; तिची सावली टीबी म्हणून वाचली जाते, ती वेगळीच चूक.

एवढं सगळं करूनही सर्वात मोलाची माहिती बहुधा बोलण्यातूनच मिळते. “घरात कुणाला टीबी आहे का?” या प्रश्नाला “नाही” हेच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारावं: गेल्या वर्षभरात कोण बरेच दिवस खोकत होतं? रोजच्या गोळ्या कुणाला चालू आहेत? दिवसा बाळाला कोण सांभाळतं?

2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 10 वर्षांखालच्या मुलांसाठी लक्षणं आणि एक्स-रे यांना गुण देऊन निर्णय घेण्याचे आराखडे दिले. बेरीज 10च्या वर गेली, की जंतू सापडला नसला तरी उपचार सुरू. एक्स-रेची सोय नसेल तिथे वेगळा आराखडा आहे. दोन वर्षांखालचं, तीव्र कुपोषित किंवा एचआयव्ही असलेलं मूल थांबू शकत नाही. त्यांच्यात रोग मेंदूच्या आवरणापर्यंत झपाट्याने पोचतो. इतरांना आधी न्यूमोनियासारख्या नेहमीच्या आजाराचे उपचार देऊन एक-दोन आठवड्यांत पुन्हा बघता येतं. मात्र त्यात फ्लुरोक्विनोलोन गटाची प्रतिजैविकं नकोत. ती टीबीलाही तात्पुरती दाबतात आणि निदान लांबतं.

औषधं ठरवताना घरातल्या मोठ्या रुग्णाचा रिपोर्ट मागवावा. मुलाच्या नमुन्यात जंतूच सापडला नसेल, तर कोणतं औषध लागू पडणार नाही हे सांगणारा बहुतेक वेळा तोच एक कागद असतो.