डोक्याची मालीश : बोटे काय करतात, तेल काय करते

श्रोतेहो, प्रथम दोन्ही हातांची बोटे केसांच्या मुळांशी टेकवा आणि नखे लागू न देता, बोटे जागची न हलवता, त्यांच्याखालची त्वचा हळूहळू पुढेमागे सरकवून पाहा. ती सरकते, कारण त्वचेखालचा चिवट पडदा कवटीला घट्ट चिकटलेला नसतो. तो कपाळाच्या स्नायूला डोक्यामागच्या स्नायूशी जोडतो. मान पुढे काढून तासन्‌तास मोबाईलमध्ये पाहणाऱ्या किंवा नकळत दात आवळून बसणाऱ्या माणसाचे मानेचे आणि कानशिलाचे स्नायू ताठरतात, आणि डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखी जी डोकेदुखी होते तिच्यात अनेकदा या ताठरपणाचा वाटा असतो. बोटांच्या संथ दाबाने हे स्नायू सैलावतात, आणि मालिशीचा हाच लाभ मला सर्वांत मोलाचा वाटतो.

माझी आजी थंडीत गोठलेले खोबरेल चुलीजवळ ठेवून पातळ करायची आणि मला पाटावर बसवून डोके चोळायची. कवटी संपून मान सुरू होते त्या खळगीत तिचा अंगठा नेहमी थांबायचा. पुढे शरीररचनेच्या पुस्तकात तिथले लहान लहान स्नायू पाहिले, तेव्हा तो अंगठा तिथेच का थांबत होता हे मला समजले.

केसांविषयी मात्र तोलूनच बोलले पाहिजे. जपानमध्ये नऊ पुरुषांवर झालेला एक प्रयोग 2016 साली प्रसिद्ध झाला. यंत्राने रोज चार मिनिटे, असे 24 आठवडे मालीश केल्यावर त्यांच्या केसांची जाडी सरासरी 0.085 वरून 0.092 मिलिमीटर झाली, पण केसांची संख्या वाढली नाही. नऊ जणांवरून टक्कल जाण्याचे आश्वासन कोणी देऊ नये, आणि दिले तर आपण ते मानू नये.

‘मुळे तेल पितात’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात त्वचेबाहेरचा केस निर्जीव असतो आणि तेलाचा खरा उपयोग त्यालाच होतो. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना, विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. ज्यांना कोंडा आहे त्यांनी मात्र तेल रात्रभर जिरवत ठेवू नये, कारण कोंड्याशी निगडित असलेली बुरशी त्वचेवरच्या स्निग्धांशावरच पोसली जाते. अशांनी कोरड्या बोटांनी मालीश करावी. स्नायूंना मिळणारा आराम त्याने उणावत नाही.

तान्ह्या बाळाची टाळू भरताना तेल नुसते तळव्याने टेकवावे, दाबू नये. तिथली हाडे अजून जुळलेली नसतात, आणि पुढची टाळू भरून यायला साधारण दीड वर्ष लागते.

सलूनमध्ये चंपी झाल्यावर मान कडकन मोडण्याची जी रीत आहे, तिला स्पष्ट नकार द्या, कारण मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीला त्या झटक्याने इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो. तसेच पन्नाशी उलटलेल्या माणसाचे कानशील नव्याने दुखू लागले, नुसता कंगवा लागला तरी कळ येऊ लागली किंवा चावताना जबडा दुखू लागला, तर चोळत बसू नका; कानशिलातल्या धमनीला सूज आली असेल तर दृष्टी जाण्याचा धोका असतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.