बॅटरसीचे खासदार शापुरजी सकलातवाला

नमस्कार मंडळी.

ब्रिटिश पार्लमेंटमध्ये गेलेले पहिले भारतीय कोण, असं विचारलं तर आपल्या मराठी शाळेतली मुलंही दादाभाई नौरोजींचं नाव घेतात. १८९२ साली ते लिबरल पक्षातर्फे निवडून आले. पुढे १८९५ मध्ये हुजूर पक्षाचे मंचेरजी भावनगरी आले. तिसऱ्यांचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. आज मी त्यांच्याबद्दलच बोलणार आहे.

शापुरजी सकलातवाला यांचा जन्म १८७४ चा, मुंबईचा. आई जेरबाई म्हणजे जमशेटजी टाटांची सख्खी बहीण. शापुरजींनी टाटांच्या उद्योगासाठी लोहखनिजाचा शोध घेत रानंवनं पालथी घातली. १९०५ मध्ये ते इंग्लंडला आले, ते इथलेच झाले. या टाटांच्या भाच्याला १९२२ साली लंडनमधल्या बॅटरसी नॉर्थ मतदारसंघातल्या कामगारांनी खासदार केलं. ते कम्युनिस्ट होते, पण मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर उभे होते. त्यांच्या प्रचाराची धुरा जॉन आर्चर यांनी वाहिली. हे आर्चर १९१३ मध्ये बॅटरसीचे महापौर झालेले कृष्णवर्णीय पुढारी. शंभर वर्षांपूर्वीचं हे लंडन आपल्याला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

निवडून आल्यावर काही दिवसांतच आयर्लंडच्या घटनेचं विधेयक सभागृहात आलं. मजूर पक्षाचा त्याला पाठिंबा होता. शापुरजी मात्र विरोधात बोलले. ज्या करारावर ते विधेयक उभं होतं तो आयरिश जनतेवर लादलेला आहे, म्हणून त्यांना मान्य नव्हता. १९२३ मध्ये ते अवघ्या १८६ मतांनी हरले आणि १९२४ मध्ये उघडपणे कम्युनिस्ट म्हणून पुन्हा जिंकले. त्या सभागृहात त्यांच्या पक्षाचे ते एकटेच.

एकट्या खासदाराच्या हातून कायदा होत नाही. पण त्याला बोलता येतं, आणि तो बोललेला शब्द न् शब्द हॅन्सार्डमध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या कामकाजाच्या अधिकृत वृत्तांतात, छापला जातो. शापुरजींनी या हक्काचा पुरेपूर वापर केला. मुंबईच्या गिरण्या, बंगालमधल्या तागाच्या गिरण्या, तिथली मजुरी, कामाचे तास, हे सगळं ते वेस्टमिन्स्टरमध्ये मांडत राहिले. हिंदुस्थानातल्या मजुराला कमी पैशांत राबवलं, तर उद्या डंडीच्या ताग गिरण्यांतल्या आणि लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या मजुराचाही पगार कापला जाईल, असं ते सांगत. गिरणगावाची बाजू मांडायला तिथलं कुणीच नसलेल्या सभागृहात हे बोललं गेलं, याचं मोल मला फार वाटतं.

१९२६ च्या मे दिनी, ब्रिटनमधला सार्वत्रिक संप तोंडावर आला असताना, त्यांनी लंडनच्या हाइड पार्कमध्ये भाषण केलं. संपकऱ्यांवर गोळ्या झाडू नका, असं त्यांनी सैनिकांना सांगितलं. तीन दिवसांनी अटक झाली. चांगल्या वर्तनाची हमी लिहून दिली असती तर सुटले असते. त्यांनी ती दिली नाही आणि दोन महिन्यांची कैद पत्करली.

१९२७ च्या सुरुवातीला ते हिंदुस्थानच्या दौऱ्यावर गेले. गांधीजींशी त्यांचा पत्रांतून जाहीर वाद झाला. खादी आणि चरखा यांवरची शापुरजींची टीका मला पटत नाही. त्यांना आपल्या खेड्यांपेक्षा गिरण्या जास्त कळत होत्या. पण वाद उघडपणे केला, हे खरं. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांनी आपल्या मुलांची नवजोत, म्हणजे पारशी धर्मदीक्षा, केली. पक्षाने जाहीर नापसंती व्यक्त केली, तरी ते बधले नाहीत.

नोव्हेंबरमध्ये सायमन कमिशनचा प्रश्न सभागृहात आला. एकही भारतीय नसलेल्या त्या कमिशनवर मजूर पक्षाचे दोन खासदार बसले, त्यांतले एक पुढे पंतप्रधान झालेले क्लेमंट ॲटली. सरकार आणि मुख्य विरोधी पक्ष एकत्र आल्यावर खरा विरोध उरला तो शापुरजींसारख्या मोजक्यांकडे. दौऱ्यानंतर सरकारने त्यांचा हिंदुस्थानात जाण्याचा परवानाच काढून घेतला होता. १९२९ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला, तरी बंदी उठली नाही. त्याच वर्षी बॅटरसीत ते हरले. समोर मजूर पक्षाचा उमेदवार होता आणि त्याच्या प्रचाराचं काम आर्चर पाहत होते. १९३६ च्या जानेवारीत शापुरजी लंडनमध्ये वारले. मुंबईला परत जाणं झालंच नाही.

त्यांची भाषणं आज इंटरनेटवर मोफत वाचता येतात. माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्या शाळेतल्या मोठ्या मुलांनी त्यांतलं एक निवडावं, सायमन कमिशनवरचं किंवा गिरणी मजुरांवरचं, आणि मराठीत आणावं. पुढच्या दिवाळी अंकात आपण ते छापू. तपासायला आणि मुलांबरोबर बसायला मी तयार आहे. आणखी दोघं-तिघं पुढे आले तर आजच नावं द्या.