वरच्या ओळीतली बारा बटणं

[दृश्य : वडकीहून राळेगावकडे जाणारा रस्ता. दोन्ही अंगांना पऱ्हाटी. आभाळ भरून आलेलं.]

नागपूर-हैदराबाद महामार्ग सोडून वडकीहून राळेगावकडे वळलं की यवतमाळ जिल्ह्यातला हा कापसाचा पट्टा सुरू होतो. जुलै संपत आलाय. निंदण-डवरणाचे दिवस आहेत आणि या दिवसांत कास्तकाराला वावर सोडून कुठे जायची इच्छा नसते. पण खरिपाच्या पीक विम्याची शेवटची तारीख साधारण ३१ जुलै असते. त्यामुळे गावातल्या सेवा केंद्रासमोर सकाळपासून मोटरसायकली लागल्यात आणि दारात चपलांचा ढीग पडलाय.

[दृश्य : केंद्राच्या आत. एक टेबल, लॅपटॉप, स्कॅनर, अंगठ्याचं यंत्र, कोपऱ्यात इन्व्हर्टर.]

"झालं का वो ताई माहं?"

"साईट फिरून राहिली काका, थांबा जरा."

एका अर्जाला सातबारा लागतो, आठ-अ लागतो, आधार, बँकेचं पासबुक, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र आणि आता फार्मर आयडीही. कागद तपासायचे, स्कॅन करायचे, फाईलला नाव द्यायचं, साईटवर चढवायचे, शेवटी हप्ता भरायचा. या सगळ्याचे केंद्राला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये मिळतात. म्हणजे कमाई अर्जांच्या संख्येवर आणि संख्या हाताच्या वेगावर. निदान साईट चालू असेल तेवढा वेळ तरी.

[दृश्य : कीबोर्ड अगदी जवळून.]

आता हा कीबोर्ड नीट पाहा. मधल्या बटणांवरची अक्षरं पुसट झालीत, एन्टर गुळगुळीत झालाय. वरची ओळ मात्र कोरी आहे. एफ१ पासून एफ१२ पर्यंत बारा बटणं, आणि त्यातलं एकच झिजलंय : एफ५. साईट अडकली की बोट आपोआप तिथे जातं. त्याच्याबद्दल पुढे बोलायचंच आहे, कारण या टेबलावर सगळ्यात जास्त नुकसान करणारं बटणही तेच आहे.

ही ओळ कोरी राहते याचं कारण शिकवणीत सापडतं. तालुक्याच्या गावी टायपिंगचा क्लास म्हणजे ३० शब्दांची परीक्षा, मग ४० शब्दांची. बोटं मधल्या ओळीवर ठेवायची आणि नजर कागदावर. टाइपरायटरला एफची बटणं नव्हतीच. संगणक आला, परीक्षा संगणकावर गेली, पण वेग मोजायचा तो अक्षरांचाच. मग वरच्या ओळीकडे कोण बघतो?

[दृश्य : जुन्या संगणकाच्या कीबोर्डचं छायाचित्र.]

ही बटणं आधी बोटांपासून इतकी लांबही नव्हती. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा कीबोर्डच्या डाव्या हाताला दोन उभ्या रांगांत दहा बटणं होती, एफ१ ते एफ१०. डाव्या हाताच्या बोटांना सहज सापडायची. आयबीएमनेच १९८०च्या दशकाच्या मध्यात १०१ बटणांचा नवा कीबोर्ड काढला. त्यात ती बारा झाली आणि वर जाऊन बसली. आज आपण वापरतो तो आराखडा तिथूनच आलेला. त्या काळात माऊस घरोघरी नव्हता. वर्डपरफेक्टसारख्या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये छपाई, शोधणं, बाहेर पडणं हे सगळं याच बटणांवर चालायचं, आणि कोणत्या बटणाला काय ते लक्षात राहावं म्हणून कीबोर्डवर ठेवायची छापील पट्टी सोबत मिळायची. माऊस आला आणि पट्टी गेली. बटणं तेवढी राहिली.

[दृश्य : स्कॅन केलेल्या फाईलींचा फोल्डर. स्क्रीन जवळून.]

चला, कामाकडे. स्कॅनरमधून कागद बाहेर येतो तेव्हा फाईलचं नाव काहीतरी 'स्कॅन' आणि पुढे आकडे. एका कास्तकाराच्या पाच-सहा फाईली. माऊसने प्रत्येकीवर उजवी क्लिक, यादीतून 'रिनेम', नाव टाइप, एन्टर. मग पुढची. हात माऊसवर जातो, कीबोर्डवर येतो, पुन्हा माऊसवर जातो.

आता हेच एफ२ ने करू. पहिल्या फाईलवर उभं राहून एफ२ दाबलं. नाव उघडलं. 'सातबारा' लिहिलं. आणि एन्टर न मारता टॅब दाबलं.

[दृश्य : निवड आपोआप पुढच्या फाईलवर जाते, तिचं नाव बदलायला उघडतं.]

बघितलं? पुढची फाईल स्वतःहून तयार झाली. 'आठ-अ', टॅब. 'पासबुक', टॅब. हात एकदाही माऊसकडे गेला नाही. विंडोजमध्ये हे वर्षानुवर्षं आहे, काही वेगळं बसवायची गरज नाही. दिवसभर संगणकावर बसणाऱ्यांनाही टॅबची ही गंमत बहुधा ठाऊक नसते.

एक्सेलमध्ये हेच एफ२ चौकटीतला मजकूर दुरुस्त करायला उघडतं. पण तिथे अडचण अशी की शेजारीच एफ१ आहे. बोट जरा घसरलं की मदतीची खिडकी उघडते, ती बंद करायची आणि पुन्हा सुरू. हिशेबाची कामं करणारे काही लोक वैतागून एफ१ चं टोपणच उपटून टाकतात. तेवढं करायची गरज नाही, दुसरा उपाय आहे. तो पुढे येतोच.

बाकीची भराभर पाहू. ब्राउझरमध्ये एफ३ ने पानावर नाव शोधता येतं, लाभार्थ्यांच्या लांबलचक यादीत त्याचा खरा उपयोग. एफ११ ने पान पूर्ण पडदाभर होतं, लहान लॅपटॉपवर फॉर्मच्या दोन-चार ओळी जास्त दिसतात. वर्डमध्ये आणि एक्सेलमध्ये एफ४ शेवटची कृती पुन्हा करतं : एका ओळीला पिवळा रंग दिला, दुसऱ्या ओळीवर जाऊन एफ४, झालं. एफ१२ ने फाईल वेगळ्या नावाने जतन होते. एफ७ इंग्रजीचं शुद्धलेखन तपासतं, मराठी केंद्रात त्याचं काम क्वचितच पडतं.

[दृश्य : लॅपटॉपची वरची ओळ. एफ२ वर आवाजाचं चित्र.]

काही लॅपटॉपवर मात्र एफ२ दाबलं की नाव बदलत नाही, आवाज कमी होतो. लोकांना वाटतं बटण बिघडलं. बिघडलेलं नसतं. कंपनीने आवाज, उजेड वगैरे कामं पुढे ठेवलेली असतात आणि खरं एफ२ मिळवायला डाव्या कोपऱ्यातलं 'एफएन' सोबत दाबावं लागतं. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की हे उलटं होतं : एफची बटणं सरळ चालतात आणि आवाजासाठी एफएन लागतं. तसं झालं नाही तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, हा पर्याय असतो. एचपीत संगणक सुरू होताना एफ१० दाबून, डेलमध्ये एफ२ दाबून तिथे जाता येतं. आधी हे करून घ्यावं. नाहीतर पुढचं सगळं ऐकून उपयोग नाही.

[दृश्य : रस्त्यापलीकडचं कृषी केंद्र. काउंटरमागे खतांच्या बॅगा, बाजूला संगणक.]

रस्त्याच्या पलीकडे चित्र अगदी वेगळं आहे. बियाणं-खताच्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्या माणसाचा माऊस बिलांच्या गठ्ठ्याखाली दबलाय, आणि त्याचं काही अडत नाही. समोर टॅली आहे, हिशेब ठेवायचा प्रोग्रॅम. बॅग विकली, एफ८. कास्तकाराने जुन्या उधारीतले पैसे आणून दिले, एफ६. कंपनीला पैसे पाठवले, एफ५. गल्ल्यातली रोकड बँकेत भरली, एफ४. दसरा-दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की जिनिंगच्या ऑफिसात काटापट्टी हातात घेऊन असाच एखादा मुनीम दिवसभर एफ९ दाबत असतो, ते खरेदीचं. तारीख बदलायची तर एफ२.

टॅली बनवणारी कंपनी १९८६ साली बंगळुरूमध्ये सुरू झाली. प्रोग्रॅम विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यात घडला, माऊसविना. ती सवय त्याने आजवर सोडली नाही, आणि म्हणून विदर्भातल्या कुठल्याही बाजारपेठेत जा, संगणकाचं कसलंही शिक्षण न घेतलेला मुनीम तुम्हाला वरच्या ओळीवर न बघता बोटं फिरवताना दिसेल. माझ्या मते आपल्या भागात या बटणांचा सगळ्यात मोठा क्लास टॅलीनेच चालवला.

[दृश्य : परत सेवा केंद्रात. हप्ता भरण्याचं पान. मध्ये फिरणारं चक्र.]

इथे मात्र एफ५ चा अर्थ वेगळा आहे. ब्राउझरमध्ये ते पान पुन्हा मागवतं. यादी बघत असाल तर बिनधास्त दाबा. पण फॉर्म अर्धा भरलाय आणि एफ५ दाबलं, तर भरलेलं बहुतेक वेळा पुसलं जातं. आणि पैसे भरताना दाबलं तर गोष्ट आणखी नाजूक. 'भरा' म्हणून तुम्ही जी माहिती पाठवली, तीच ब्राउझर पुन्हा पाठवायला निघतो. आधी तो विचारतो, पुन्हा पाठवू का? समोर लाईन लागलेली असताना ते कोण वाचतं? एन्टर बसतं. साईट चांगली बांधलेली असेल तर दुसरी नोंद अडवते. नसेल तर कास्तकाराच्या हप्त्याचे पैसे दोनदा जायची भीती.

म्हणून या टेबलावर पहिला बदल नवं काही जोडण्याचा नाही. एफ५ बंद करण्याचा आहे.

[दृश्य : पॉवरटॉइजची खिडकी. कीबोर्ड मॅनेजर.]

मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज नावाचं मोफत साधन आहे, विंडोज १० आणि ११ वर चालतं. त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये डावीकडे बटण निवडायचं आणि उजवीकडे ते काय व्हावं ते. एफ१ चं एफ२ करता येतं, म्हणजे बोट घसरलं तरी काम होतं, टोपण उपटायला नको. किंवा 'डिसेबल' निवडून बटण मुकं करता येतं. एक ध्यानात ठेवा. इथे एकटं बटण बदललं की ते सगळीकडे बदलतं. ज्या संगणकावर साईटही चालते आणि टॅलीही, तिथे एफ५ मुकं केलं तर टॅलीतलं पेमेंटही उघडणार नाही, आणि मुनीम तुमच्या नावाने बोंबलेल. शिवाय पॉवरटॉइज मागे चालू असेल तोवरच हे बदल टिकतात. आणि एफएनला ते हात लावू शकत नाही, कारण ते बटण बहुधा लॅपटॉपच्या आतच निकालात निघतं, विंडोजपर्यंत त्याची खबरच पोचत नाही.

[दृश्य : नोटपॅड. त्यात मोजक्या ओळी.]

जिथे 'फक्त ब्राउझर समोर असताना' अशी अट हवी, तिथे ऑटोहॉटकी. हेही मोफत आहे. नोटपॅडमध्ये लिहायचं : अमुक बटण दाबलं की अमुक घडावं. फाईल जतन करायची, दोनदा क्लिक करायची, झालं सुरू. संगणक चालू होताच ती उठावी म्हणून तिचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवायचा. मराठी मजकूर असेल तर फाईल जतन करताना 'एन्कोडिंग'मध्ये यूटीएफ-८ निवडावं, नाहीतर अक्षरांचा चिवडा होतो. अँटिव्हायरस कधीकधी उगाच संशय घेतो. म्हणून साधन त्याच्या मूळ साईटवरूनच घ्यावं, कुणी पेन ड्राइव्हवर आणून दिलेलं नको.

मग बटणांवर ठेवायचं काय? केंद्र चालवणाऱ्या ताईने दिवसभर आपण पुन्हा पुन्हा काय लिहितो ते पाहिलं. गाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोडची ओळ. आजची तारीख. आणि स्वयंघोषणापत्रातलं ते लांबलचक वाक्य, 'वर दिलेली माहिती खरी असून' पासून सुरू होणारं. एफ८ वर पत्ता, एफ९ वर तारीख, एफ१० वर घोषणा. ब्राउझरपुरतं एफ५ मुकं. एवढंच. बाराच्या बारा बटणांना कामं वाटायचा मोह होतो, पण चारच्या पुढे गेलं की आठवण्यातच वेळ जातो.

[दृश्य : एफ१० दाबलं जातं. मराठी वाक्य एका झटक्यात पानावर उमटतं.]

"बाप्पा! एवढ्या लवकर लिवलं?"

ज्यांना काहीच नवीन बसवायचं नाही, त्यांनी विंडोजचं बटण आणि व्ही एकत्र दाबून पाहावं. कॉपी केलेल्या मजकुरांची यादी उघडते, नेहमीचं वाक्य तिथे पिन करून ठेवता येतं. पण ती यादी कुणालाही दिसते. लोकांचे आधार क्रमांक त्यात साचू देऊ नका, अधूनमधून साफ करा. तसंच पासवर्ड किंवा पिन कधीच एफच्या बटणावर ठेवू नये. त्या फाईलमध्ये तो उघडा लिहिलेला असतो आणि केंद्राच्या लॅपटॉपवर भाचा-पुतण्याही बसतो.

[दृश्य : दुपार. लाईट जाते, इन्व्हर्टर वाजतो. काम सुरूच.]

ऑटोहॉटकीची ती फाईल म्हणजे काही ओळींचा मजकूर. तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक स्वतःच्या ईमेलवर असू द्या. लॅपटॉप दुरुस्तीला गेला की दुकानदार पहिलं काम फॉरमॅट मारायचंच करतो. आणि रब्बीचे अर्ज सुरू झाले की एफ१० वरच्या वाक्यातलं 'खरीप' खोडून 'रब्बी' लिहायला विसरू नका, नाहीतर हरभऱ्याच्या अर्जाला कापसाची घोषणा चिकटेल.