लोणारचं पाणी येतं कुठून?

श्रोतेहो, नमस्कार.

लोणार सरोवरात पाणी उतरतं, पण त्याला वाहून जायला वाट नाही. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेलं हे विवर, सुमारे 1.8 किलोमीटर रुंद. आलेलं पाणी मुख्यतः उन्हाने उडतं आणि क्षार मागे राहतात. 2020 च्या जूनमध्ये पाणी इतकं घटलं आणि खारटपणा इतका वाढला की मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी सरोवर गुलाबी झालं. पुढे उलटंच घडलं. पाणी चढत चढत काठच्या कमळजादेवीच्या देवळापर्यंत आलं. खारं सरोवर पातळ होत गेलं तर त्यातली दुर्मीळ जीवसृष्टीच बदलेल. म्हणून हे वाढीव पाणी थेट पावसाचं की झऱ्यांचं, हे कळायलाच हवं.

पट्टी लावून पातळी कळते, उगम कळत नाही. तो शोधायला समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे अणू, उपयोगी पडतात. ऑक्सिजनच्या साधारण पाचशे अणूंत एखादा जास्त वजनाचा असतो, ऑक्सिजन-18. तो किरणोत्सारी नाही आणि बाहेरून मिसळावाही लागत नाही. ऊन लागलं की हलके रेणू आधी उडतात, जड मागे राहतात. बासुंदी आटत जावी तसं तळं जड होत जातं. हायड्रोजनमध्येही असाच जड अणू आहे, ड्यूटेरियम. 1961 साली हार्मन क्रेग यांनी दाखवलं की जगभरच्या पावसात या दोघांचं प्रमाण आलेखावर जवळपास एका सरळ रेषेत येतं. उन्हात साचून राहिलेलं पाणी त्या रेषेवरून ढळतं.

आता लोणारची धार, म्हणजे तिथला झरा, घ्या. तिचं पाणी रेषेवर बसलं तर तो पाऊस पडल्यापडल्या मुरलेला. ढळलेलं निघालं तर ते वरच्या पठारावर एखाद्या तलावात, शेततळ्यात तापून मग मुरलेलं असू शकतं. विवरातल्या पाण्याचं भवितव्य वरच्या शिवारात ठरतंय का, हा माझ्या मते लोणारचा आजचा सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि तो असा तपासता येतो. नैनीतालच्या तलावाचा असा हिशेब रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने मांडला, तेव्हा येणाऱ्या पाण्याचा निम्म्याच्या आसपास वाटा जमिनीखालून येतो असं दिसलं.

मुरून किती काळ झाला याचा अंदाज ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचाच किरणोत्सारी प्रकार, देतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं उरतं.

नमुना घेताना मात्र हयगय चालत नाही. बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, बूच पाण्यातच घट्ट लावायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. थोडीशी वाफ उडाली तरी आकडे बिघडतात. धार, रामगयेचा झरा, गावच्या विहिरी, पठारावरची शेततळी, सरोवराचा काठ आणि मध्य, सगळीकडचं पाणी हवं. पावसाचंही हवं. आणि हे वैशाखात, पहिल्या पावसानंतर, पोळ्याच्या सुमारास आणि दिवाळीनंतर, असं काही वर्षं सलग व्हायला हवं, कारण एकाच फेरीतल्या बाटल्या फक्त त्या दिवसाचं पाणी दाखवतात.