बावीस हजार हरकती आणि एक पंजा

(दृश्य १: पहाट. धुकं. फक्त वाऱ्याचा आवाज. आधी एक कमान दिसते, मग दुसरी.)

मोजायला सुरुवात करा. धुकं जसजसं विरळ होईल तसतशा कमानी वाढत जातील.

(चार सेकंद शांतता)

२४ भरल्या.

पूल म्हटलं की खाली नदी असणार, ही आपली सवय. इथे नाव घेण्यासारखी नदीच नाही. खाली आहे ती दलदल, बॅटी मॉस नावाची. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्स भागात, माळाच्या ऐन मध्यावर, रिबलहेडचा हा पूल उभा आहे. ४०० मीटर लांब, ३२ मीटर उंच. आसपास गाव नाही, बाजार नाही. मेंढ्या मात्र भरपूर.

(दृश्य २: डिझेल गाडी डावीकडून पुलावर येते.)

लीड्सहून निघालेली ही साधी पॅसेंजर गाडी कार्लाइलला चालली आहे. त्यातला सेटल ते कार्लाइल हा सुमारे ११६ किलोमीटरचा तुकडा म्हणजे आपली आजची गोष्ट. या तुकड्याचं एक वैशिष्ट्य आहे. तो बांधून घेणाऱ्या कंपनीला एका टप्प्यावर तो नकोसा झाला होता. पुढे शंभरेक वर्षांनी सरकारी रेल्वेलाही तो नकोसा झाला. दोन्ही वेळा तो वाचला तो कुणीतरी कागदावर हरकत नोंदवली म्हणून.

(दृश्य ३: जुना नकाशा. बोट इंगल्टनवर थांबतं.)

१८६०च्या दशकात मिडलँड रेल्वे या कंपनीला स्कॉटलंड गाठायचं होतं. तिचे रूळ इंगल्टन गावापर्यंत पोचत. तिथून पुढची वाट लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न या प्रतिस्पर्धी कंपनीच्या हातात. गाव एकच, स्टेशनं दोन, मध्ये खोल दरी. दरीवर रेल्वेचा पूल होता, पण प्रवाशांनी सामान घेऊन एका बाजूने उतरायचं आणि दुसऱ्या बाजूने चढायचं. धापा टाकत वर पोचावं तर पुढची गाडी निघून गेलेली. कधी मिडलँडचा डबा चक्क कोळशाच्या मालगाडीला जोडून दिला जाई. मिडलँडचे जनरल मॅनेजर जेम्स ऑलपोर्ट यांनी स्वतः ही तऱ्हा सोसली होती.

मग मिडलँडने ठरवलं, आपला स्वतंत्र मार्ग टाकायचा. १८६६ मध्ये संसदेची मंजुरी मिळाली. त्याच वर्षी लंडनमधली एक मोठी पेढी बुडाली आणि पैसा महाग झाला. तेवढ्यात प्रतिस्पर्धी कंपनीही नरमली, म्हणाली, आमचे रूळ वापरा. मिडलँडने हिशेब केला आणि संसदेकडे उलटा अर्ज टाकला : आम्हाला आता हा मार्ग बांधायचा नाही, मोकळं करा.

तेव्हा दुसऱ्या दोन रेल्वे कंपन्यांनी हरकत घेतली. त्यांना हा मार्ग हवा होता, खर्च अर्थातच मिडलँडचा. १८६९ मध्ये संसदेने मिडलँडचा अर्ज फेटाळला. बांधतो म्हणालात ना, मग बांधा.

(दृश्य ४: बर्फाने झाकलेला माळ, तुटके दगडी बांध.)

आखणीचं काम मुख्य इंजिनिअर जॉन क्रॉसली यांच्याकडे आलं. प्रत्यक्ष पायपीट केली ती चार्ल्स शार्लंड या तरुणाने. तो टास्मानियाचा. आखणी चालू असताना गिअरस्टोन्सच्या खानावळीत तो आणि त्याची माणसं तीन आठवडे बर्फात अडकली. दारापासून पाण्याच्या हौदापर्यंत त्यांनी बर्फातून बोगदा खणला होता म्हणतात. या मार्गावरचा पहिला बोगदा तोच म्हणायचा.

कंपनीची अट होती, गाड्या वेगात धावल्या पाहिजेत. म्हणजे तीव्र वळणं नकोत आणि चढ १०० फुटांना १ फुटाहून जास्त नको. हे आकडे आपल्याला किरकोळ वाटतील. ज्या बोरघाटातून आपण पुण्याला जातो तिथे चढ ३७ फुटांना १ फूट आहे, आणि तो मार्ग याच्या आधी, १८६३ मध्ये सुरू झाला होता. पण बोरघाटात मागून जोर लावायला जादा इंजिनं असतात. इथे एक्स्प्रेस गाडीने न थांबता चढावं अशी अपेक्षा. त्यामुळे डोंगर आला की बोगदा आणि खोरं आलं की पूल. सेटलपासूनच्या जवळपास २५ किलोमीटरच्या सलग चढाला इंजिनवाले ‘लाँग ड्रॅग’ म्हणू लागले. लांबलचक ओढ. फावड्याने कोळसा टाकणाऱ्या फायरमनला विचारलं असतं तर त्याने याहून तिखट नाव दिलं असतं.

(दृश्य ५: ड्रोन. पुलाजवळच्या गवतात चौकोनी उंचवटे, जुन्या ट्रामरस्त्याच्या रेघा.)

गवतातले हे उंचवटे नीट पाहा. इथे वस्ती होती.

संपूर्ण मार्गावर मिळून सुमारे ६ हजार माणसं राबत होती. त्यांना ‘नॅव्ही’ म्हणत. नौदलाशी संबंध नाही. आधीच्या पिढ्यांनी कालवे खणले, कालव्याला तेव्हा ‘नॅव्हिगेशन’ म्हणत, त्यावरून पडलेलं हे नाव. खणायला फावडं, कुदळ आणि सुरुंगाची दारू. जमीन अशी की कोरडी असली तर सुरुंग लावावा लागे आणि पाऊस पडला की तीच माती पिठल्यासारखी वाहू लागे. दलदलीत गाडीची चाकं रुतत, म्हणून चाकांच्या जागी मोठं पिंप लावलेल्या गाड्या केल्या होत्या. पिंप चिखलावरून गडगडत जाई, आणि तरीही घोडे रुततच.

वस्त्यांची नावं ऐकण्यासारखी आहेत. सेबास्टोपोल आणि इंकरमन, ही क्रिमियाच्या युद्धातून आलेली. जेरिको थेट बायबलमधून. आणि एका चिखलातल्या लाकडी झोपड्यांच्या रांगेला बेलग्रेव्हिया. बेलग्रेव्हिया म्हणजे लंडनमधली अतिश्रीमंतांची आळी. थट्टा कुणी केली ते कळत नाही, पण केली झक्कास.

(दृश्य ६: पुलाचा खांब, खालून वर. कॅमेरा सावकाश.)

आता पूल. हा पूल लोकरीच्या गासड्यांवर उभा आहे असं इथले लोक सांगतात. ऐकायला छान वाटतं. खरं असं, की दलदलीचा थर आणि चिकणमाती उपसत पार खडकापर्यंत गेले, सुमारे २५ फूट खाली, आणि तिथून खांब उचलले. खांब चुनखडीच्या दगडांचे. कमानी विटांच्या, आणि विटा इथेच भाजलेल्या. या भट्टीच्या खुणा मघाच्या ड्रोनच्या दृश्यात उजव्या कोपऱ्यात होत्या.

खांबांकडे पुन्हा बघा. दर सहावा खांब बाकीच्यांपेक्षा जाड आहे. एखादी कमान ढासळलीच तर पत्त्यांच्या घरासारखा सगळा पूल कोसळू नये. गेल्या तर सहा कमानी जातील, पुढचं थांबेल. पडण्याची शक्यता धरूनच बांधलेला पूल दीडशे वर्षांत पडलेला नाही.

(दृश्य ७: चॅपल-ल-डेलचं छोटं चर्च. भिंतीवर संगमरवरी पाटी. निवेदन थोडकं.)

१८७१ मध्ये वस्तीत देवी आल्या. अपघात तर रोजचेच. या चर्चच्या आवारात दोनशेहून अधिक जण पुरले गेले, बायका आणि मुलंही. आवार वाढवावं लागलं.

(सहा सेकंद फक्त पाटी)

(दृश्य ८: ब्ली मूर बोगद्याचं तोंड. नंतर माळावर उभं विटांचं धुरांडं.)

पुलानंतर ब्ली मूरचा बोगदा, २.४ किलोमीटरचा. दोन तोंडांकडून खणत राहिलं तर जन्म जाईल, म्हणून वरून डोंगरात सरळ विहिरी खोदल्या आणि प्रत्येक विहिरीच्या तळातून दोन्ही दिशांना खणत गेले. माळावर दिसणारी ही विटांची धुरांडी म्हणजे त्याच विहिरी. वाफेच्या इंजिनांचा धूर त्यातून बाहेर पडे.

मालगाड्या १८७५ मध्ये सुरू झाल्या, प्रवासी गाड्या १ मे १८७६ रोजी. अंदाज २२ लाख पौंडांचा, खर्च ३५ लाखांच्या आसपास.

(दृश्य ९: डेंट स्टेशन. रुळांच्या वरच्या बाजूला जुन्या स्लीपरांचं काळं कुंपण.)

डेंट. समुद्रसपाटीपासून १,१५० फूट, इंग्लंडच्या मुख्य मार्गांवरचं सगळ्यात उंच स्टेशन. काळं कुंपण बर्फ अडवण्यासाठी. डेंट गाव इथून चार मैलांवर, खाली खोऱ्यात. स्टेशनला गावाचं नाव द्यायचं आणि गावाला स्टेशनपर्यंत चालायला लावायचं, हा उद्योग रेल्वेने सगळ्या जगात केला आहे.

(दृश्य १०: गार्सडेल. जुना फोटो : लाकडी कोटाच्या आत फिरतं टेबल.)

गार्सडेलला इंजिन वळवायचं फिरतं टेबल होतं. एकदा वारा असा सुटला की टेबलावरचं इंजिन भोवऱ्यासारखं फिरत राहिलं, आणि शेवटी खड्ड्यात वाळू ओतून ते थांबवलं, अशी कथा आहे. कथा थोडी तिखटमीठ लावलेली असेल. पण त्यानंतर टेबलाभोवती जुन्या स्लीपरांचा कोट उभारला, तो मात्र फोटोत आहे. याच परिसरात १९१० आणि १९१३ मध्ये दोन मोठे अपघात झाले, मिळून २८ बळी.

(दृश्य ११: सेटलचं सिग्नल केबिन. रंगवलेले लिव्हर, पितळी घंटा. एक स्वयंसेवक लिव्हर ओढतो.)

हे सेटलचं केबिन १९८४ साली बंद झालं. स्वयंसेवकांनी ते घासूनपुसून पुन्हा उभं केलं. लिव्हर ओढायला मिळतो, आम्हीही ओढला. हाताला वाटतं त्यापेक्षा जड लागतो.

ब्ली मूर, गार्सडेल, ॲपलबी इथे मात्र हा खेळ नाही, रोजचं काम आहे. तिथे अजून हाताचे सिग्नल आहेत आणि दोन केबिनमधलं बोलणं घंटेच्या ठोक्यांत चालतं. एक ठोका : लक्ष आहे का? मग तीन, थांबून एक : थांबत जाणारी पॅसेंजर पाठवू का? समोरून तेच ठोके परत आले की होकार. दोन ठोके : गाडी तुझ्या हद्दीकडे निघाली. ती सुखरूप पोचल्यावर दोन, थांबून एक. या चार वाक्यांवर डोंगरातली वाहतूक चालते.

(घंटेचा आवाज. त्यावरून पुढचं दृश्य.)

(दृश्य १२: १९८०च्या दशकातल्या वर्तमानपत्रांची कात्रणं.)

१९७० मध्ये सेटल आणि ॲपलबी वगळता मधली सगळी स्टेशनं बंद झाली. खोऱ्यातल्या माणसांनी बसगाडी पकडली, किंवा मोटार घेतली, किंवा घरी बसले. १९८२ मध्ये लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस दुसऱ्या मार्गाने वळवल्या. उरल्या दिवसाला दोन गाड्या जायला, दोन यायला. आधी गाड्या काढून घ्यायच्या आणि मग म्हणायचं, बघा, प्रवासीच नाहीत. पुढच्याच वर्षी ब्रिटिश रेलने, म्हणजे तिथल्या सरकारी रेल्वेने, मार्ग बंद करण्याची सूचना काढली. कारण तयार होतं : रिबलहेडचा पूल झिरपतोय, दुरुस्ती परवडणार नाही.

पण ब्रिटनच्या कायद्यात एक फट होती. प्रवासी गाडी बंद करायची तर तिच्या प्रवाशांना हरकत घेता येई, त्यांच्या सल्लागार समितीला ती नोंदवावी लागे, सुनावणी घ्यावी लागे. ‘फ्रेंड्स ऑफ द सेटल-कार्लाइल लाइन’ ही संस्था १९८१ मध्येच उभी राहिली होती. तिने ही फट नेमकी पकडली. मोर्चे कमी, टपाल जास्त. फलाटावर, डब्यात, जिथे माणूस भेटेल तिथे एकच सांगणं : पत्र लिहा, स्वतःच्या नावाने लिहा.

आणि एक विनोद रेल्वेच्याच अंगलट आला. मार्ग गुंडाळण्याच्या कामासाठी ब्रिटिश रेलने रॉन कॉटन यांना नेमलं. गाड्या बंद होईपर्यंत तरी नीट चालवू म्हणून त्यांनी स्वस्त तिकिटं काढली, गाड्या वाढवल्या, १९८६ मध्ये बंद पडलेली आठ स्टेशनं पुन्हा उघडली. १९८३ मध्ये वर्षाला ९३ हजार प्रवास होत होते. १९८९ पर्यंत तो आकडा साडेचार लाखांवर गेला.

हरकती आल्या २२ हजारांहून अधिक.

(दृश्य १३: गार्सडेलचा फलाट. कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा, नजर समोरच्या डोंगराकडे.)

त्यातली एक हरकत याची.

याचं नाव रसप. मेंढ्या राखणाऱ्या जातीचा, बॉर्डर कॉली. संस्थेचे पहिले सचिव ग्रॅहम नटॉल यांचा सोबती. त्या काळी कुत्र्याचंही तिकीट काढावं लागे. म्हणजे रसप हा पैसे भरून प्रवास करणारा प्रवासी, आणि प्रवाशाला हरकतीचा हक्क. सहीच्या जागी पंजाचा ठसा. समितीने हरकत मान्य केली.

११ एप्रिल १९८९ला सरकारने निर्णय फिरवला. मार्ग राहणार. त्या वेळी वाहतूक खात्याचे राज्यमंत्री होते मायकल पोर्टिलो. पुढे रेल्वेप्रवासाचे टीव्ही कार्यक्रम करून घरोघरी पोचलेले, तेच. पुलाच्या माथ्यावर पाणी मुरणार नाही असा थर घातला, कमानी दुरुस्त केल्या.

जानेवारी १९९० मध्ये ग्रॅहम नटॉल वेल्सच्या डोंगरात फिरायला गेले. रसप सोबत होता. दोघे परतले नाहीत. शोध लागला एप्रिलमध्ये. ११ आठवडे रसप त्यांच्याजवळ बसून होता.

(दहा सेकंद निवेदन नाही. पुतळा, वारा.)

(दृश्य १४: खाणीच्या दगडाने भरलेली लांब मालगाडी, मग रिबलहेडला लाकडाचे ओंडके.)

आता इथून दगड जातो, लाकूड जातं. ॲपलबीजवळच्या जिप्सम कारखान्याचा माल रुळांवरूनच येतो. २०१६ मध्ये आर्मथ्वेटजवळ ईडन नदीच्या काठावर डोंगर सरकला. २.३ कोटी पौंड खर्चून ३१ मार्च २०१७ला मार्ग पुन्हा जोडला. यावेळी बंद करायचं कुणी बोललं नाही.

(दृश्य १५: गार्सडेल. कार्लाइलकडची गाडी येते. एक बाई कुत्र्याला घेऊन चढते.)

हल्ली कुत्र्याला तिकीट लागत नाही.

(दार बंद होतं. गाडी निघते. दूरवर केबिनमध्ये दोन ठोके.)