वाचलं खरं, पण दुपारी काय केलं?

विषय जाहीर झालाय ‘रोजचं शास्त्रवाचन आणि शिष्यत्व’. त्याकडे येतोच. आधी भिंतीवरच्या त्या तक्त्याबद्दल बोलू द्या. वर्षात संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबलचे 1189 अध्याय, रोजचे तीन-सव्वातीन, आणि वाचले की नावापुढे खूण. एका मंडळीत मी पाहिलं, या खुणांवरून दोन घरांत अबोला होता. लेवीय हे पुस्तक आधी कुणाचं संपलं, यावरून! (हशा) हसताय, म्हणजे तक्ता तुमच्याकडेही आहे. पण मला फार वाईट वाटलं. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर दान वेदीपुढेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं प्रभू सांगतो. दोन्ही घरांनी ते वचन वाचलेलं होतं. खूणही केलेली होती.

आता आपले कवी, रेव्हरंड नारायण वामन टिळक, यांची गोष्ट. तुम्हाला पाठ आहे, तरी सांगणार, कारण आपण ती चुकीच्या जागी संपवतो. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटतो, नवा करार हातात ठेवतो आणि म्हणतो, हे वाचा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते भाकीत पटलं नाही. वाचण्याचा शब्द मात्र त्यांनी दिला. इथे आपण त्या प्रवाशाचं कौतुक करतो आणि थेट बाप्तिस्म्यावर उडी मारतो. मधलं काय? टिळक वाचत वाचत मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायाशी आले आणि तिथेच अडकले. डोंगरावरील प्रवचन म्हणजे तीन अध्याय, 111 वचनं. तक्त्याच्या हिशेबानं एका सकाळचं काम! त्यांना ते सोडून पुढे जाववेना. मनातल्या कितीतरी प्रश्नांची उत्तरं त्यांना तिथे सापडत होती. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा झाला, आणि त्याची किंमत घरानं मोजली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे परत आल्या, आणि स्वतःचा बाप्तिस्मा होण्याआधीच त्यांनी आपल्या विचारानं शिवाशीव सोडली, कुणाच्याही हातचं पाणी प्यायला लागल्या. बायांनो, शिष्यत्व म्हणतात ते हे. पाण्याच्या भांड्यापाशी सुरू झालेलं.

पाळकसाहेब घड्याळाकडे बघताहेत. बरं, मुद्द्याचं भराभर सांगतो.

रोज थोडं वाचा, दहा-बारा वचनं पुष्कळ झाली. मोठ्यानं वाचा, म्हणजे घरातल्या आजीलाही ऐकू जाईल. मग विचारा, यातलं आज माझ्याकडून काय मागितलंय, आणि कुणाच्या बाबतीत? माणसाचं नाव घ्या. ‘मी प्रेमळ होईन’ हे चालणार नाही. ‘धाकट्या जावेला फोन करीन’ हे चालेल. रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेत एकमेकांना विचारा, झालं का? नसेल झालं तर उद्या तोच उतारा पुन्हा वाचा.

कुणी म्हणेल, मग सगळं शास्त्र कधी वाचून व्हायचं? लागू द्या की सात-आठ वर्षं! पंडिता रमाबाईंनी केडगावला अख्खं शास्त्र मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. त्यात वर्षानुवर्षं गेली. तेव्हा त्यांच्या तिथल्या मुक्ती आश्रमात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली जेवत होत्या, शिकत होत्या, छापखान्यात काम करत होत्या. अनाथ आणि विधवा यांचा समाचार घ्या, असं याकोब आपल्या पत्रात पहिल्या अध्यायाच्या शेवटी लिहितो. रमाबाईंना ते वचन शोधायला पानं उलटावी लागत नव्हती, अंगणातच उभं होतं.

तक्ता काढूच नका म्हणत असाल तर राहू दे. फक्त खुणेच्या जागी त्या दिवशी ज्याच्याकडे गेलात त्याचं नाव लिहा. उद्या सकाळी समेटाचं तेच वचन, मत्तय पाच, 21 ते 26. पुढच्या सभेत मी अध्याय किती झाले ते विचारणार नाही. त्या दोन घरांसारखा कुणाचा अबोला मिटला का, ते विचारीन.